सातानंतरचं पाऊल

टँकरचा ब्रेक इतक्या जोरात करकचला, की माझी वाफ जागच्या जागी गोठली.

वाफ म्हणजे माझा तिसरीचा वर्ग. बावीस पोरं. त्या गुरुवारी मी त्यांना पाण्याची तीन रूपं शिकवत होते... नाचून! आधी बर्फ : एकमेकांचे खांदे घट्ट धरून जागच्या जागी थरथरायचं. मग पाणी : हात सोडायचे, पण लांब जायचं नाही, एकमेकांना घासून वळणं घेत फिरायचं. आणि मी 'उकळी!' असं ओरडले की वाफ! मग वाटेल तिकडं सुटायचं. फोनवर गाणं लावलेलं, पोरं रंगात आलेली, मी त्यांच्याहून जास्त रंगात आलेली. आमच्या बोरमाळच्या शाळेला एकाच बाजूला कुंपण आहे, हे मी साफ विसरले होते.

केबिनचं दार उघडून एक उंच, सावळा माणूस उडी मारून खाली उतरला. गळ्यात पिवळा रुमाल, आणि चेहरा पार उतरलेला.

"बाई, पोरं आवरा की! आत्ता यखादं चाकाखाली आलं असतं!"

मी घाबरले होते, आणि घाबरले की मला राग येतो. माझी जुनी खोड.

"तुम्ही गाडी हळू चालवा! समोर शाळा दिसत नाही?"

"शाळा दिसती. शाळंतली पोरं चारी बाजूनं का उधळल्यात, ते कळंना."

"उधळली नाहीत. वाफ झालीत."

"...आँ?"

"वाफ. पाणी तापलं की त्याचे कण सुटे होतात, लांब लांब पळतात. शिकवतेय मी."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग माळावर पांगलेल्या बावीस कणांकडं पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडं.

"मग गार करा की जरा," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "न्हाईतर टँकरात भरून घिऊ का? तेवढंच दोन घागरी पाणी वाढंल."

पोरं खिदळली. मला अजिबात हसायचं नव्हतं. पण हसले. आणि नेमक्या त्याच क्षणी माझा फोन बंद पडला. गाणं गेलं, आणि पोरांचे चेहरे पडले.

"बाई, अजून एकदा वाफ," आसिया म्हणाली. ती माझ्या वर्गातली सगळ्यात चिकट मुलगी. एकदा लागली की सोडत नाही.

"गाणं नाही गं आता..."

टँकरवाला पाइप लावायला वळला होता, तो थांबला. शाळेला लागूनच वस्तीची सिमेंटची टाकी, तिच्यात पाणी सोडायचं होतं. त्यानं व्हॉल्व्ह फिरवला, हात रुमालाला पुसले आणि केबिनमधून चक्क एक ढोल बाहेर काढला!

"गजी नाचाच्या मंडळात वाजवतो मी," तो जरा लाजून म्हणाला. "टँकर मोकळा व्हायला पंचवीस मिंटं लागत्यात. तवर चालंल?"

चालंल? अहो, पहिली थाप पडली आणि माझ्या पावलांनी मला विचारलंसुद्धा नाही!

*

त्याचं नाव अमृत गडदे. राहणार शेजारच्या थोरल्या वस्तीवर. दर सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी साडेदहाला त्याचा टँकर यायचा, आणि पंचवीस मिनिटं माझी शाळा ढोलावर चालायची.

मी क्रांती निकम. गाव रहिमतपूरजवळ, जिल्हा सातारा. तीन वर्षांपूर्वी नेमणूक झाली ती इथं, जत तालुक्यात. पहिल्या दिवशी एसटीतून उतरले आणि चहूबाजूंचा उघडा माळ, ज्वारीची खुंटं आणि लांबवर चरणारी मेंढरं बघून रडू कोसळलं होतं. आमच्याकडं ऊस माणसाच्या डोक्यावर जातो. त्याच आठवड्यात मी ठरवलं, नियमात बसलं की पहिल्या दिवशी साताऱ्याच्या बदलीचा अर्ज टाकायचा. आणि तसा तो टाकलाही होता.

पोरांना पाढे येईनात, बेरजा येईनात. बाकावर बसवलं की पेंगायची. पण मधल्या सुट्टीत कुणी डबा बडवला तरी यांचे पाय उचलायचे. तेव्हा मी विचार केला, पायांना येतंय तर पायांनाच शिकवू. आमच्या रहिमान सरांनी परवानगी दिली. शाळेत शिक्षक दोनच, ते मुख्याध्यापक आणि मी. "नाचा, पण पोरांना आलं पाहिजे," एवढंच ते म्हणाले.

आणि आता ढोल आला होता. दोनाचा पाढा सोपा, तीनाचा गिरकीचा, पाचाचा टाळीचा. अमृत वाजवताना पुटपुटायचा, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..."

"हे काय, कानडीत?"

"आमच्या आईचं माहेर तिकडलं. ढोल शिकताना तिनं मोजून दिलं, तवा ते कानडीतच बसलं."

एकदा पोरांना ध्वनी शिकवायचा होता, तर त्यानं टँकरच्या पोटावर वरपासून बोटांच्या पेरांनी टकटक केलं. वर खणखणीत वाजत होतं, खाली येता येता एका जागी आवाज एकदम दबला. "हितवर पाणी," तो म्हणाला. पोरांनी पाळीपाळीनं टँकर ठोकला. मीही ठोकला. माझं चुकलं.

"बाई, जरा खाली," म्हणत त्यानं माझा हात धरून... धरून नाही हो, नुसता मनगटाला बोटं लावून... वीतभर खाली नेला. आवाज बदलला. पाण्याचाच बदलला असं मी स्वतःला सांगितलं.

"तुम्हाला एवढं कसं ठाऊक?"

"विश्रामबागला दोन वर्सं कॉलेज केलंय. फिजिक्स. मग वडलांचं गुडघं गेलं, आणि टँकर माझ्याकडं आला."

हे त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पाइप गुंडाळत सांगितलं आणि हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडते. उजव्या गालावर पडत नाही. मी शिक्षिका आहे, निरीक्षण हा माझा धर्मच आहे.

आणि मग आला चंद्राचा धडा.

"चंद्र पृथ्वीभोवती फिरतो," मी रिंगणाच्या मधोमध उभी राहून सांगत होते, "पण आपल्याला त्याची एकच बाजू दिसते. पाठ कधीच दिसत नाही. कोण होणार चंद्र?"

"टँकरवाला मामा!" बावीस तोंडं एकदम ओरडली.

"मी? छ्या... ढोल कोण वाजवील?"

"तोंडानं वाजवतो आम्ही!"

झालं. मी पृथ्वी, तो चंद्र. माझ्यापासून चार हातांवर तो पावलं टाकत फिरायला लागला. पाठ दाखवायची नाही, म्हणून तोंड सतत माझ्याकडं. नजर सतत माझ्यावर. एक पाऊल... दुसरं... पृथ्वीनंही स्वतःभोवती फिरायचं असतं, हे मला आठवत होतं, पण मला फिरताच येईना.

"पृथ्वी थांबली!" आसिया किंचाळली.

"पृथ्वी दमली असंल," चंद्र हळूच म्हणाला. "बाई, एक सांगू? तोंड तुमच्याकडं ठेवून एक फेरी झाली, म्हंजी मी स्वतःभोवतीबी एकदा फिरलो. बरोबर?"

"...बरोबर."

"मला वाटलंच. डोकं गरगरतंय."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी फळा पुसायला घेतला आणि एकच कोपरा तीनदा पुसला. मला कळून चुकलं होतं. कुणाला सांगायचं तेवढं कळत नव्हतं.

*

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. आमचे आप्पा म्हणजे निवृत्त सुभेदार नानासो निकम. फोनवरसुद्धा सावधान उभे राहून बोलतात. "क्रांती, बदलीच्या यादीत तुझं नाव हाय! कागद तपासाय बोलवलंय सातारला. आठ दिवसांची रजा टाक आणि निघ."

मला आनंद व्हायला हवा होता. तीन वर्षं याच फोनची वाट पाहिली होती मी.

अमृतला मी खरं सांगितलं नाही. "घरी काम आहे," एवढंच म्हणाले. वर्गात सातचा पाढा सुरू करायचा होता, तो त्याच्यावर सोपवला. विश्रामबागला जिल्ह्यातल्या शाळांचा मोठा कार्यक्रम होणार होता, 'नाचातून गणित आणि विज्ञान' या नावानं आमची नोंदही गेली होती. सराव थांबवून चालणार नव्हतं.

"सात पावलांची एक फेरी घ्या," मी त्याला सांगितलं. "आसिया कडेला बसून प्रत्येक पावलाला एक चिंचोका डब्यात टाकेल. फेरी संपली की मोजायचे आणि फळ्यावर लिहायचं. बास."

"सात पावलांची आमची जुनीच चाल हाय," तो खुशीत म्हणाला. "बिनघोर जावा. पण... येताय न्हवं परत?"

"म्हणजे काय! येणार की."

मी त्याच्याकडं न बघता म्हणाले. आठ दिवसांनी परत आले त्याच सकाळी केंद्रप्रमुख साहेब अचानक शाळेत हजर! कार्यक्रमाआधी वर्ग तपासायला. त्यांनी तिसरीला पाट्या काढायला लावल्या. "सातचा पाढा लिहा."

पोरांनी किती आनंदानं लिहिला! पाटीखाली पाय हलत होते, ओठ पुटपुटत होते. बावीसच्या बावीस पाट्या वर आल्या, आणि बावीसच्या बावीस पाट्यांवर लिहिलं होतं : आठ, सोळा, चोवीस, बत्तीस... सात दाहे ऐंशी.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, हा नाच की गोंधळ? तुमची नोंद वर गेलीये, ती मागं घेता येत नाही. पण विश्रामबागला पोरांनी असलं काही केलं, तर त्यानंतर शाळेत नाच बंद. पाटी आणि बाक. लेखी देतो तसं."

साडेदहाला टँकर आला. मी तशीच बाहेर गेले.

"काय शिकवलंत तुम्ही पोरांना? सात पावलं सांगितली होती मी!"

"सातच घेतली की," अमृत गडबडला.

"मग आठ कुठून आले?"

त्यानं डोळे मिटून, बोटांनी मांडीवर ठेका धरून एक फेरी घेतली. सात झाली, आणि मग एक पाऊल मागं, मान खाली... त्याचे डोळे उघडले.

"आगं आई गं... द्येवाचं पाऊल."

"कसलं?"

"सात पावलं आपली, मग एक मागं टाकायचं आणि वाकायचं. ते बिरोबाचं. आमच्या मंडळात ते कुणी मोजत न्हाई बाई, मोजायचंच नसतंय... पोरांना सांगाय पायजे हुतं. चिंचोका पडतुय ते ध्यानातच आलं न्हाई."

आता मला सांगा, यात रागावण्यासारखं काय होतं? काही नाही. पण मी घाबरले होते, आणि बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे.

"तुमच्या त्या पावलानं माझी अख्खी शाळा बुडवली!"

रहिमान सर आमचं ऐकून मध्ये पडायला आले, आणि बिचाऱ्यांनी आणखीच घोळ केला. "जाऊ द्या हो अमृत. बाईंची बदली होतेय साताऱ्याला, त्या आधीच टेन्शनमध्ये आहेत."

अमृतनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही.

"घरचं काम ते ह्येच व्हय?"

"मी सांगणार होते..."

"कवा?"

त्यानं व्हॉल्व्ह बंद केला, पाइप काढला, आणि पाठ फिरवून केबिनमध्ये चढला. पहिल्यांदाच मला त्याची पाठ दिसली. पुढच्या गुरुवारी टँकर दुसऱ्याच कुणीतरी आणला.

*

आता आठ दिवस उरले होते, आणि ढोल नव्हता. मी फोनवर गाणी लावली. पोरं सात पावलं टाकायची, आणि आपोआप आठवं मागं घेऊन वाकायची. मी ओरडले, समजावलं, चॉकलेटं वाटली. पाऊल काही जाईना.

"बाई," शेवटी आसिया कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ते काढलं की नाच लंगडा हुतोय. दम कुठं घ्यायचा? आणि मागं ऱ्हायल्यालं पोर म्होरच्याला गाठणार कवा?"

"हे कुणी सांगितलं तुला?"

"मामांनी. ते म्हणले, त्या पावलाला समदी थांबत्यात, मग कुणी मागं ऱ्हात न्हाई."

शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात एकटीच ते करून पाहिलं. सात पावलं. एक मागं. पुन्हा सात. एक मागं. समोरच्या भिंतीवर पटसंख्या लिहिलेली होती : बावीस. आणि माझे पाय तिथंच थांबले.

बावीस! सात-सातची तीन रिंगणं केली, की एक पोर उरतं. रोज कुणीतरी एक बाजूला उभं राहायचं, आणि मी त्याला म्हणायचे, तू थांब, पुढच्या वेळी तू. पण ते उरलेलं पोर जर मधोमध आलं तर? सगळी रिंगणं त्याच्यासाठी एक पाऊल मागं सरली तर? बावीस भागिले सात. भाग तीन, बाकी एक. चौथीत गेल्यावर पोरं ज्या बाकीला रडतात, ती बाकी या माणसाच्या नाचात कोण जाणे किती वर्षांपासून पडून होती!

मी एकटीच टाळ्या पिटत वर्गभर नाचले. मग स्कूटी काढली.

टँकर भरायची विहीर चार किलोमीटरवर आहे. तो टँकरवर चढून झाकण लावत होता. मला पाहून खाली उतरला नाही.

"चुकलं माझं," मी खालूनच ओरडले. मोटारीचा आवाज होता, दुसरं काय करणार? "शाळा तुम्ही बुडवली नाहीत! आणि बदलीचं लपवायला नको होतं! तुम्ही विचारलंत, परत येणार ना, तेव्हाच सांगायला हवं होतं!"

तिथले चार-पाच टँकरवाले वळून बघायला लागले.

"बाई, हळू..."

"हळू नाही बोलता येत मला! मला ते पाऊल हवंय!"

"कशाला? खोडाय?"

"मोजायला!"

मग तो खाली उतरला. मी धुळीत काडीनं तीन गोल काढले आणि मधे एक टिंब. बाकी समजावली. तो उकिडवा बसून बघत होता. माझं बोलून संपलं तरी त्या टिंबाकडंच बघत राहिला. डाव्या गालावर खळी पडली.

"आजवर कुणी मोजलं न्हवतं त्याला," तो म्हणाला. मग उठून हात झटकले. "येतो मी. पोरांसाठी."

"फक्त पोरांसाठी?"

"...ते तुमची ऑर्डर ठरवंल."

*

विश्रामबागच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. पोरांच्या गळ्यात पिवळे रुमाल, अमृतच्या खांद्यावर ढोल. आणि पहिल्या रांगेतून उठून, मिशा सावरत, आप्पा थेट आमच्याकडं आले.

"क्रांती! ऑर्डर निघाली बघ! मी पेढं घिऊनच आलोय. पुढच्या म्हैन्यात सातारला हजर व्हायचं." त्यांचा आवाज कापत होता. आमच्या आप्पांचा आवाज कधी कापत नाही. "तुझ्या आईनं खोली झाडून ठिवलीया."

ढोलाची दोरी आवळणारे हात क्षणभर थांबले. मग पुन्हा आवळायला लागले. मी काही बोलायच्या आत आमचं नाव पुकारलं.

पहिली थाप पडली. बर्फ झाला, पाणी झालं, वाफ झाली आणि सभागृहभर पांगली. चंद्र झाला, यावेळी आसिया चंद्र होती. मग सातचा पाढा. बावीस पोरं, सात एके सात, सात दुणे चौदा, पाय आणि तोंड एकाच ठेक्यात, आणि सात दाहे सत्तरला सगळं सभागृह टाळ्यांत न्हालं. केंद्रप्रमुख साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला.

पण परीक्षक मॅडम उठल्या. "पाढा पाठ करता येतो. ते मधेच एक पाऊल मागं का घेतात मुलं? ते चुकतंय का?"

मी उत्तर द्यायच्या आत आसिया पुढं झाली.

"चुकत न्हाई, मॅडम. ती बाकी हाय. तुमी कुटलाबी आकडा सांगा."

मॅडम हसल्या. "पन्नास."

ढोल वाजला. पोरांनी हवेत बोटं नाचवली, कुजबुजली, "सात साती एकोणपन्नास..." आणि आसिया ओरडली, "सात रिंगणं, आणि एक उरतंय!" ती पळत मधोमध गेली. एकवीसच्या एकवीस पोरं एक पाऊल मागं सरली आणि तिच्यासाठी वाकली.

"साठ?"

"आठ रिंगणं! बाकी चार!" या वेळी चार पोरं मधे धावली. कोण जाणार हे कुणी ठरवलं नव्हतं, तरी बरोबर चारच गेली. कुणीही बाजूला उभं नव्हतं.

मॅडम आधी उभ्या राहिल्या की केंद्रप्रमुख साहेब, हे मला सांगता येणार नाही. मला धूसर दिसत होतं. साहेब येऊन म्हणाले, "बाई, नाच चालू ठेवा," आणि पुढं जाऊन परत आले, "इतर शाळांनाही दाखवा जरा." मी होहो म्हणत होते आणि नजर ढोल शोधत होती.

तो मागच्या दाराशी पायरीवर बसला होता. मी जाऊन शेजारी बसले. दोघंही धापा टाकत होतो.

"आमची पोरं काय नाचली!" मी म्हणाले.

"आपली," तो म्हणाला. मग घाईनं, "म्हंजी... शाळंची." थोडा वेळ रुमालाची गाठ सोडत बसला. "बाई, सातारला टँकर लागत्यात का वं?"

"का?"

"तिकडं पाणी मायंदाळ हाय म्हणत्यात. तेवढीच अडचण. न्हाईतर... आलो असतो मी."

मी त्याच्याकडं वळले. "पुढच्या वर्षी चौथीला अपूर्णांक आहेत. ते कोण नाचवणार? रहिमान सर?"

त्याच्या हातातली रुमालाची गाठ अर्धीच राहिली.

"बदली नको असेल तर तसा अर्ज करता येतो," मी म्हणाले. "काल रात्रीच लिहिलाय. बॅगेत आहे. आणि तो पोरांसाठी लिहिलाय असं मी सगळ्यांना सांगणार आहे, पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं इथं पायरीवर बसलंय."

हे मी बोलले! मोठ्यानं! कान तापले माझे.

"क्रांती," तो म्हणाला. पहिल्यांदाच. 'बाई' नाही, काही नाही. नुसतं क्रांती. "लग्नात सात पावलं चालायची असत्यात. पण आमच्यात... आठवं जादा असतंय. चालंल का?"

"चालेल. पण मी ते मोजणार."

"मोज की," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसला.

"क्रांती!" मागं आप्पा उभे होते. हातात पेढ्यांचा पुडा. कधीपासून उभे होते, देव जाणे. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

आम्ही ताडकन उठलो. मी बॅगेतून अर्ज काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी केली, मला परत दिला.

"तुझी आई दोन दिवस झाडत हुती ती खोली," ते म्हणाले.

"ठाऊक आहे, आप्पा."

"ह्यो तोच का, ढोलवाला?"

"व्हय... अमृत गडदे," अमृतनं वाकून पाया पडत सांगितलं.

"ठेका चुकत न्हाई तुझा." एवढं बोलून आप्पा वळले. "चला. पोरं टेंपोत बसल्यात."

ते पुढं, आम्ही दोघं मागं. आप्पांची चाल पलटणीतली, पाऊल मोजून पडणारी. नकळत आमची पावलंही त्यांच्या तालात पडायला लागली. एक, दोन, तीन... शेजारी कुणीतरी पुटपुटत होतं, नाल्कु, ऐदु, आरु, एळु. आणि आठव्याला आम्ही दोघंही थांबलो. एक पाऊल मागं. पायांना सवयच लागली होती!

आप्पा एकटेच पुढं गेले. मागची पावलं ऐकू येईनात म्हणून थांबले आणि वळून बघितलं.

"का थांबला?"

अमृत म्हणाला, "त्या पावलाला थांबत्यात, आप्पा. कुणी मागं ऱ्हाऊ नये म्हणून."

टेंपोतून आसियाचं "बाई, चला की!" ऐकू येत होतं. मग आमच्या सुभेदारांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात हुकमाशिवाय पाय मागं घेतला नव्हता, एक पाऊल मागं टाकलं. मग आणखी एक. आमच्या दोघांच्या मधे येऊन उभे राहिले आणि पुडा उघडून अमृतच्या पुढं धरला.

"घे," ते म्हणाले. "बदलीचं आणलं हुतं. आता ह्याचंच समज."